एका हाताने डॉक्टर होता येईल का? : वाचकांचे प्रश्न

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे हाता-पायाची उणीव असलेल्या आणि तरीही मनात काही मोठे धरून बसलेल्या मुलामुलींविषयीची आहेत. ती एकत्र घेऊन उत्तरे देत आहे. पत्रलेखकांच्या इच्छेनुसार नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : ताई, सादर नमस्कार. माझे वय सतरा वर्षे असून मी कोल्हापुरात मावशीकडे राहून बारावी विज्ञान शाखेत शिकते. माझे गाव गडहिंग्लज तालुक्यात आहे. जन्मापासून माझा डावा हात कोपराच्या खाली चार बोटांवर संपतो. वेणी घालणे, सायकल चालवणे ही कामे माझी मी करते. भाकरी उजव्या हाताने थापते आणि डाव्या हाताच्या टोकाने तिची कड सावरते. मला डॉक्टर व्हायचे आहे. मामा म्हणतात की, बी.ए. करून बँकेच्या परीक्षा दे, दिव्यांगांच्या जागेवर नोकरी पक्की आहे. एका सरांनी वर्गात सगळ्यांसमोर विचारले की, प्रॅक्टिकलला तू काय करणार? मैत्रीण म्हणते की, राखीव जागेवर प्रवेश घेतलास तर लोक तुला जन्मभर तेच ऐकवतील. प्रवेशापूर्वी दिव्यांग उमेदवारांची तपासणी करणाऱ्या मेडिकल बोर्डापुढे जाताना कृत्रिम हात लावून जावे का? आणि एका हाताने खरोखर डॉक्टर होता येते का?

उत्तर : होता येते. मात्र एवढेच लिहून तुझे पत्र बाजूला ठेवले, तर तुझ्या मामांच्या आणि सरांच्या शंकांना तुझ्याजवळ उत्तर राहणार नाही. म्हणून आधी नियम सांगते आणि मग हातांविषयी बोलते.

वैद्यकीय प्रवेशासाठीच्या पूर्वीच्या मार्गदर्शक तत्त्वांत उमेदवाराचे दोन्ही हात शाबूत असावेत, त्यांत संवेदना आणि पुरेशी ताकद असावी, अशी स्पष्ट अट होती, आणि त्या एका वाक्यामुळे तुझ्यासारख्या मुलींना गुणवत्तेचा विचारही न होता दारातूनच परत पाठवले जात असे. फेब्रुवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हाता-पायाची उणीव असलेल्या एका विद्यार्थ्याच्या प्रकरणात या अटीला कायद्याचा आधार नसल्याचे आणि ती संविधानाच्या भूमिकेशी विसंगत असल्याचे सांगितले. त्याच्या आधी, ऑक्टोबर २०२४ मध्ये, याच न्यायालयाने असे स्पष्ट केले होते की, प्रमाणपत्रावर दिव्यांगत्वाची टक्केवारी अमुक आहे एवढ्याच कारणावरून प्रवेश नाकारता येत नाही. तो विद्यार्थी अभ्यासक्रम पूर्ण करू शकेल की नाही हे मेडिकल बोर्डाने पाहिले पाहिजे आणि नाही म्हणायचे असल्यास त्याची कारणे लिहून दिली पाहिजेत. याचा तुझ्यापुरता अर्थ असा की, बोर्ड तुझ्या हाताची लांबी मोजून थांबू शकत नाही. त्याला तू काय करतेस आणि कसे करतेस हे पाहावे लागेल. नियमांचे तपशील दरवर्षी बदलत असल्यामुळे ज्या वर्षी नीट ही वैद्यकीय प्रवेश परीक्षा देशील त्या वर्षीची माहितीपुस्तिका स्वतः वाच. कोणी सांगितलेल्या ऐकीव माहितीवर विसंबू नकोस.

दिव्यांग ओळखपत्र, म्हणजे यूडीआयडी कार्ड, अद्याप काढले नसेल तर याच महिन्यात अर्ज कर. अर्ज ऑनलाइन भरता येतो आणि तपासणीसाठी कोल्हापुरात सीपीआर, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे, रुग्णालय आहे. कोपराखाली हात नसल्यास टक्केवारी ४० च्या बरीच वर जाते, त्यामुळे २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमातील सर्व तरतुदी तुला लागू होतात. त्यांपैकी दोन तुझ्या उपयोगाच्या आहेत. सरकारी व अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत किमान ५ टक्के जागा राखीव असतात, आणि लेखी परीक्षेत तासाला किमान २० मिनिटे जादा वेळ मिळतो, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. तू लिहितेस भराभर, पण कागद सरकू न देता आकृती काढणे हे एका हाताचे काम नसते, आणि जादा वेळ नेमका त्यासाठीच आहे. वहीला पॅड आणि दोन चिमटे लाव, पट्टीच्या खालच्या बाजूला सायकलच्या जुन्या ट्यूबची पातळ फीत चिकटव. पट्टी जागची हलणार नाही.

आता तुझ्या सरांचा प्रश्न. त्यांनी तो सर्वांसमोर विचारायला नको होता, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण प्रश्न म्हणून तो योग्य आहे आणि त्याचे उत्तर तुझ्याकडे तयार हवे. रसायनशास्त्राच्या टायट्रेशनमध्ये एक हात ब्युरेटच्या, म्हणजे मापाच्या काचनळीच्या, तोटीवर असतो आणि दुसरा शंकुपात्र हलवत असतो. ब्युरेट स्टँडला लावलेलीच असते; तेव्हा थोडे द्रावण सोडायचे, तोटी बंद करायची, पात्र हलवायचे आणि पुन्हा तोटी उघडायची. वेळ जास्त लागतो, उत्तर तेच येते. प्रयोगशाळेत चुंबकीय ढवळणी असल्यास तेवढाही वेळ जात नाही. परीक्षानळी स्टँडच्या पकडीत धरता येते. स्क्रू गेजने तारेची जाडी मोजताना तार मेणाच्या गोळ्यात रोवून उभी केली की उजवा हात मोकळा राहतो. अशी प्रत्येक प्रयोगाची एक यादी तू प्रयोगशाळेच्या सहायकांसोबत बसून तयार कर आणि बारावीच्या प्रात्यक्षिक परीक्षेपूर्वी पुरेसे दिवस राखून, आपल्याला कोणती साधने आणि किती वेळ लागेल, असे लेखी पत्र प्राचार्यांमार्फत कोल्हापूर विभागीय मंडळाकडे दे. परीक्षापद्धतीत असे फेरबदल करून देणे हे कायद्याने शिक्षणव्यवस्थेचे कर्तव्य ठरवले आहे, तेव्हा अर्जात विनवणीची भाषा नको.

वैद्यकीय महाविद्यालयात काय होईल, याचाही विचार आताच करू. ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे रोजची कामे करण्याच्या रीती शिकवणारी तज्ज्ञ, म्हणून माझी अनेक वर्षे हातांच्या हालचाली पाहण्यात गेली आहेत आणि त्यातून एक गोष्ट पक्की समजली आहे की, 'याला दोन हात लागतात' असे आपण ज्या कामाबद्दल म्हणतो, ते काम सुटे करून पाहिले तर दोन हात फक्त एखाद्या पायरीला लागतात. रुग्णाची छाती ठोकून तपासण्याची पद्धत घे. डॉक्टर एका हाताचे बोट छातीवर टेकवतात आणि दुसऱ्या हाताच्या बोटाने त्यावर ठोकतात. एकोणिसाव्या शतकात त्या खालच्या बोटाऐवजी एक लहान पट्टी छातीवर ठेवून तीवर ठोकण्याची पद्धत रूढ होती. तुझ्या डाव्या हाताच्या टोकाला स्पर्श कळतो, दाब कळतो. भाकरीची कड सावरणारे ते टोक छातीवर टेकवून उजव्या बोटाने ठोकता येईल का, हे तू आजही मावशीच्या पाठीवर करून पाहू शकतेस. इंजेक्शनच्या बाबतीत तर गंमत अशी की, वापरलेल्या सुईवर टोपण दोन्ही हातांनी लावणे धोक्याचे मानले जाते. टोपण लावावेच लागले तर ते टेबलावर ठेवून एकाच हाताने सुई त्यात सरकवावी, असे सर्व विद्यार्थ्यांना शिकवतात. रक्त घेताना दंडाला बांधायचा पट्टा गाठीऐवजी वेल्क्रोचा वापरता येतो.

काही गोष्टी अवघड आहेत, त्याही तुला ठाऊक असाव्यात. टाके घालताना एका हातात सुईची पकड आणि दुसऱ्या हातात चिमटा लागतो. निर्जंतुक हातमोजा एकट्या हाताने, बाहेरून स्पर्श न होऊ देता चढवणे कठीण असते. प्रौढ रुग्णाचे हृदय थांबल्यावर छातीवर द्यायचा दाब एकट्या व्यक्तीने दीर्घकाळ देणे दोन्ही हात असलेल्यांनाही जड जाते. यांपैकी काहींवर योग्य पकड बसवलेला कृत्रिम हात उपयोगी पडेल, काहींसाठी मदतनीस लागेल आणि काही कामे तू पुढे व्यवसाय म्हणून निवडणार नाहीस. एमबीबीएसच्या पदवीनंतर औषधवैद्यक (मेडिसिन), बालरोग, मनोविकार, विकृतिशास्त्र (पॅथॉलॉजी), क्ष-किरणशास्त्र, सार्वजनिक आरोग्य असे कितीतरी मार्ग आहेत, आणि शस्त्रक्रिया न करणारा डॉक्टर अर्धा डॉक्टर असतो असे कोणीही मानत नाही. मात्र शाखा कोणती, हे सतराव्या वर्षी ठरवू नकोस आणि इतर कोणाला ठरवू देऊ नकोस.

कृत्रिम हाताबद्दल माझे मत स्पष्ट आहे. जो हात तू रोज वापरत नाहीस, तो बोर्डापुढे लावून जाऊ नकोस. जन्मापासून कोपराखाली हात नसलेली अनेक मुले कृत्रिम हात काही दिवस वापरून कपाटात ठेवतात, कारण तो लावला की उरलेल्या हाताची त्वचा झाकली जाते आणि तिच्यासोबत स्पर्शही जातो. नुसता शोभेचा हात, खांद्याच्या पट्ट्याने आणि तारेने उघडमीट होणारा हात, आणि स्नायूंच्या सूक्ष्म विद्युत संदेशांवर चालणारा मायोइलेक्ट्रिक हात, असे तीन मुख्य प्रकार आहेत. तिसऱ्याची किंमत लाखांत जाते. पुण्याच्या वानवडीत लष्कराचे कृत्रिम अवयव केंद्र १९४४ पासून आहे. नेमक्या एखाद्या कामासाठी, समजा चिमटा धरण्यासाठी, जोड हवी असेल तर तेवढीच मागावी. बोर्डापुढे जाताना तुझी पाच-सहा कामांची लहान चित्रफीत मोबाइलवर सोबत ठेव, आणि एखादे काम करून दाखवायला सांगितले तर तू रोज जसे करतेस तसेच करून दाखव.

राहिली राखीव जागेची गोष्ट. तू ज्या शहरात शिकतेस, त्या शहराच्या राजाने, राजर्षी शाहू महाराजांनी, २६ जुलै १९०२ रोजी संस्थानच्या नोकऱ्यांतील ५० टक्के जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवल्या. त्या जागांवर पुढे आलेल्या माणसांनी राज्यकारभार केला, वकिली केली, शाळा काढल्या. राखीव जागा मिळाल्याने परीक्षेतील एकही प्रश्न सोपा होत नाही. शरीररचनाशास्त्राची तोंडी परीक्षा तुलाही तीच द्यावी लागेल. मामांना हे पत्र वाचायला दे. त्यांची काळजी प्रामाणिक आहे. त्यांना फक्त इतके विचार की, बँकेची परीक्षा मी पुढे केव्हाही देऊ शकेन, पण नीटसाठीची ही दोन वर्षे पुन्हा मिळतील का?

प्रश्न : ताई, मी कागल तालुक्यातील एका गावात राहते. माझा मुलगा अडीच वर्षांचा आहे. त्याच्या उजव्या पंजाला अंगठा आहे, पण बाकीची बोटे नाहीत. मला सातवा महिना असताना ग्रहण होते आणि वेध लागल्यावर मी कांदा चिरला होता. सासूबाई कधी बोलून दाखवत नाहीत, पण जाऊबाई आल्या-गेल्यांना ते सांगतात. लग्नकार्यात मी त्याला पूर्ण बाह्यांचा शर्ट घालते. पुढे याचे काय होणार, या विचाराने झोप लागत नाही.

उत्तर : तुम्ही कांदा चिरल्यामुळे काहीही झालेले नाही. गर्भ राहिल्यापासून साधारण चौथ्या आठवड्यात हातांचे लहान कोंब फुटतात आणि आठव्या आठवड्याच्या सुमारास बोटे वेगवेगळी झालेली असतात. म्हणजे तुमच्या बाळाचा पंजा ग्रहणाच्या कित्येक महिने आधीच घडून गेला होता. बऱ्याच स्त्रियांना तेव्हा दिवस गेल्याचे नुकतेच कळलेले असते. एकाच हाताची बोटे नसण्यामागे बहुधा त्या काळात कोंबाच्या रक्तपुरवठ्यात आलेला अडथळा किंवा गर्भावरणाचे गुंडाळलेले धागे असतात, आणि पुष्कळदा कोणतेच कारण सापडत नाही. दोन्ही हात किंवा हात आणि पाय असे एकत्र बाधित असतील तर आनुवंशिक कारण शोधावे लागते. तुमच्या पत्रावरून तसे दिसत नाही, तरी पुढच्या बाळाचा विचार असेल तर एकदा जनुकीय सल्ला घ्या, म्हणजे मनातला किंतू राहणार नाही. जाऊबाईंना आठवड्यांचा हा हिशेब तुमच्या यजमानांनी सांगावा. हे काम तुमच्या एकटीचे नाही.

पूर्ण बाह्यांचा शर्ट मात्र बंद करा. तुमचा हेतू त्याला नजरांपासून वाचवण्याचा आहे हे मला कळते, पण अडीच वर्षांच्या मुलाला एवढेच समजते की, आपला हा हात आईला लपवावासा वाटतो. शिवाय झाकलेला हात काम शिकत नाही. त्याच्या उजव्या पंजाला अंगठा आहे, ही फार मोलाची गोष्ट आहे, कारण अंगठा आणि तळवा यांच्यात वस्तू धरता येते. त्याला कणकेचा गोळा द्या, डब्यांची झाकणे उघडू द्या, सदऱ्याची बटणे लावायला वेळ द्या आणि तो खटपट करत असताना मध्ये हात घालू नका. कोणी विचारले तर सांगायचे, 'त्याचा हात जन्मापासून असाच आहे, त्याला दुखत नाही.' हेच वाक्य तो चार वर्षांचा होईपर्यंत स्वतः म्हणू लागेल. पायाच्या बोटाचे हातावर रोपण करण्याची शस्त्रक्रिया असते. ती त्याच्यासाठी योग्य आहे का, हे हातांच्या शल्यविशारदाला एकदा दाखवून विचारा, घाई नाही.

तो मोठा झाल्यावर कोण होईल, हे तुम्ही-मी सांगू शकत नाही. पण तो पाच-सहा वर्षांचा झाला की गावातल्या इतर मुलांसारखा त्याच्याही पाठीला डबा बांधून त्याला विहिरीत पोहायला शिकवा. सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळ्याच्या सुयश जाधव यांचे दोन्ही हात लहानपणी विजेच्या धक्क्यामुळे कोपराखाली गेले. त्यांनी २०१८ च्या आशियाई पॅरा क्रीडा स्पर्धेत ५० मीटर बटरफ्लाय प्रकारात सुवर्णपदक मिळवले आणि २०२० चा अर्जुन पुरस्कारही त्यांना मिळाला.

प्रश्न : मी कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत राहतो. वय तेवीस. पेठेच्या संघातून फुटबॉल खेळायचो. गेल्या वर्षी मोटारसायकलच्या अपघातात उजवा पाय गुडघ्याखाली गेला. कृत्रिम पाय बसवला आहे, चालतो. शाहू स्टेडियमवर सामना असला की घरातून बाहेर पडवत नाही. मला देशासाठी खेळायचे आहे. आता वयही झाले. धावण्याचा तो वाकडा पाय कोठे मिळतो?

उत्तर : प्रथम वयाची गोष्ट मनातून काढून टाका. हरियाणाच्या सुमित अंतिल यांना कुस्तीगीर व्हायचे होते. २०१५ मध्ये मोटारसायकलच्या अपघातात त्यांचा डावा पाय गुडघ्याखाली गेला आणि त्यानंतर त्यांनी भाला हातात घेतला. टोकियोच्या पॅरालिम्पिकमध्ये ६८.५५ मीटर आणि २०२४ मध्ये पॅरिसला ७०.५९ मीटर, अशी दोन सुवर्णपदके त्यांच्याजवळ आहेत. ज्या गटात ते खेळतात, त्याला एफ-६४ म्हणतात आणि गुडघ्याखाली पाय नसलेले, कृत्रिम पाय लावून खेळणारे खेळाडू त्यात येतात. धावण्यासाठीचा तोच गट टी-६४ या नावाने ओळखला जातो. स्पर्धेपूर्वी वर्गीकरण करणारे तज्ज्ञ तुमची तपासणी करून गट ठरवतील.

वाकड्या पायाची मात्र घाई करू नका. त्याला ब्लेड म्हणतात. कार्बन फायबरची ती पट्टी पाऊल टेकताना दाबली जाते आणि उचलताना उसळी देते. ती फक्त धावण्यासाठी असते, तिच्यावर स्थिर उभे राहता येत नाही आणि ती लाखांच्या घरात जाते. तुमच्या पायाचा उरलेला भाग शस्त्रक्रियेनंतर वर्ष-दीड वर्ष आक्रसत राहतो, त्यामुळे आज मापाने बनवलेली खोबण, म्हणजे तो भाग ज्यात बसतो तो सॉकेट, सहा महिन्यांत सैल होऊ शकते. सैल खोबणीने धावलात तर कातडी सोलवटेल, जखम होईल आणि हंगाम वाया जाईल. तोवर मांडीचे, कमरेचे आणि पोटाचे स्नायू बळकट करा. पेठेतली जी तालीम जवळ असेल तिथल्या वस्तादांना भेटा. बैठका तुम्हाला जमतील तशा बेताने आणि फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली घालाव्या लागतील, पण जोर, दोर आणि कमरेच्या वरचा सर्व व्यायाम तुम्ही आजपासून करू शकता. रोजच्या चालण्यासाठी आणि शेतात, चिखलात वावरण्यासाठी जयपूर फूट उत्तम आहे. १९६८ मध्ये जयपुरात तयार झालेला हा पाय अनवाणी चालता यावे आणि मांडी घालून बसता यावे, या आपल्या गरजा ओळखून घडवलेला आहे, आणि १९७५ मध्ये स्थापन झालेली भगवान महावीर विकलांग सहायता समिती तो मोफत देते.

तुम्ही फुटबॉलपटू आहात, म्हणून एक आणखी सांगते. पाय गमावलेल्यांचा फुटबॉल स्वतंत्रपणे खेळला जातो. त्यात एका बाजूला सात खेळाडू असतात, मैदानावरचे खेळाडू कृत्रिम पाय काढून दोन कुबड्यांच्या आधारे एका पायाने खेळतात आणि गोलरक्षक एक हात नसलेला असतो. कुबडीने चेंडू मारलेला चालत नाही. पॅरालिम्पिकमध्ये हा खेळ नाही, पण त्याच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धा होतात. ज्या पायाने तुम्ही चेंडू ताब्यात ठेवत होतात त्या डाव्या पायाची समज अपघातात गेलेली नाही.

आपल्या भागाला या बाबतीत मोठी परंपरा आहे आणि ती पेठेत सांगितली पाहिजे. शेजारच्या इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर सैन्यात होते. १९६५ च्या युद्धात जखमी झाल्यावर ते पोहू लागले आणि १९७२ मध्ये जर्मनीत हायडलबर्गला ५० मीटर फ्रीस्टाइलमध्ये भारताचे पहिले पॅरालिम्पिक सुवर्ण त्यांनी आणले. पुढच्या सुवर्णासाठी देशाला २००४ पर्यंत वाट पाहावी लागली. आटपाडी तालुक्यातील सचिन खिलारी यांनी पॅरिसला गोळाफेकीत १६.३२ मीटरची फेक करून रौप्य मिळवले. आपल्या कोल्हापूरचे नेमबाज स्वरूप उन्हाळकर टोकियोत दहा मीटर एअर रायफलमध्ये चौथे आले, आणि चौथ्या क्रमांकामागे किती वर्षे असतात हे खेळाडूला सांगावे लागत नाही. जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जाऊन राज्याच्या पॅरा निवड स्पर्धांची माहिती घ्या. आणि शाहू स्टेडियमवरचा पुढचा सामना पाहायला जा. पहिल्या दिवशी लोक पायाकडे बघतील. दुसऱ्या सामन्याला ते तुम्हाला पंचाच्या निर्णयाबद्दल मत विचारतील.

प्रश्न : कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात माझा लहान कारखाना आहे. डिप्लोमा झालेला बावीस वर्षांचा मुलगा कामासाठी आला आहे. त्याचा उजवा हात मनगटापासून नाही. मुलगा हुशार आहे, डाय, म्हणजे धातूला आकार देणाऱ्या साच्यांचे, डिझाइन शिकून पुढे स्वतःचे सीएनसी (संगणकाने चालणाऱ्या मशिनचे) युनिट काढायचे म्हणतो. मला त्याला घ्यायचे आहे, पण मशिनवर काही झाले तर, ही धास्ती आहे.

उत्तर : धास्ती आहे हे चांगले आहे, ती सर्व कामगारांबद्दल असू द्या. पॉवर प्रेसवर दोन बटणे एकाच वेळी दाबल्याशिवाय रॅम (वरून दाबणारा भाग) खाली येत नाही, ती व्यवस्था दोन्ही हात डायच्या बाहेर राहावेत म्हणून असते. त्या मुलासाठी एक बटण पट्टीने दाबून ठेवण्याची युक्ती कोणी सुचवली तर ती ताबडतोब नाकारा. प्रकाशपडद्याचे, म्हणजे हात आड येताच मशिन थांबवणाऱ्या किरणांचे, संरक्षण असलेला प्रेस नसेल तर त्याला प्रेसवर घालूच नका. सीएनसीवर परिस्थिती वेगळी आहे. प्रोग्राम लिहिणे, टूलचे ऑफसेट (हत्याराच्या मापातला फरक) भरणे, मापे तपासणे ही कामे एका हाताने होतात. अडचण येते ती जॉब, म्हणजे घडवायचा तुकडा, चकमध्ये, म्हणजे मशिनच्या फिरत्या पकडीत, धरताना. हायड्रॉलिक चक पायाच्या पेडलने आवळला जातो, तेव्हा जॉब टेकवून धरण्यापुरता एक आधार बसवला की काम भागते. जड जॉबसाठी लहान होइस्ट (वजन उचलणारे यंत्र) लावा, त्याने इतरांच्या कमराही वाचतील.

एक गोष्ट पहिल्याच दिवशी पाहा. रिकामी, लोंबती बाही फिरत्या चकजवळ अत्यंत धोकादायक असते, म्हणून त्या बाजूची बाही मनगटाच्या वर शिवून बंद केलेली किंवा अर्धी असावी, आणि शोभेचा कृत्रिम हात लावून मशिनजवळ यायचे नाही, हे त्याला समजावून सांगा. पिनेने टाचलेली बाही चालणार नाही, पिन निघते.

त्याला महिनाभर कॅडच्या, म्हणजे संगणकावर ड्रॉइंग काढण्याच्या, कामावर बसवा आणि पगार इतर डिप्लोमाधारकांइतकाच द्या. याच काळात त्याला स्वतःसाठी लागणाऱ्या फिक्स्चरचे, म्हणजे जॉब टेकवून धरणाऱ्या आधाराचे, ड्रॉइंग काढायला सांगा. चक आणि आधार यांत किती अंतर हवे, उंची किती हवी, डाव्या हाताला लिव्हर कोठे सोयीची पडेल, हे तुमच्यापेक्षा आणि माझ्यापेक्षा त्याला अधिक नेमके ठाऊक असेल. ते फिक्स्चर तुमच्याच लेथवर आणि मिलिंगवर तयार होईल, आणि डाय डिझाइन शिकू पाहणाऱ्या मुलाला पहिले काम म्हणून याहून चांगले काम मला तरी सुचत नाही.